संधिवाताचे औषध नेमके कशावर चालते, हे रुग्णाला कळायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संधिवातावरच्या नव्या औषधांच्या बातम्या हल्ली मराठी वर्तमानपत्रांतून वरचेवर येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांत औषधाचे नाव असते, किमतीचा आकडा असतो, परदेशात किती रुग्णांना गुण आला हेही असते. पण ते औषध शरीरातल्या कोणत्या रेणूला अडवते आणि तो रेणू एरवी आपल्याच संरक्षणाचे कोणते काम करीत असतो, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. नागपुरात औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि घरात थोरल्या वहिनींना हाच आजार आहे, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे येत असतात. त्यांच्याशी बोलताना हे पुरते ध्यानात आले आहे, की औषध कशावर चालते हे ठाऊक असणे ही काही हौसेची माहिती नव्हे. ते सुरू करण्यापूर्वी कोणती तपासणी करायची, कोणता ताप अंगावर काढायचा नाही आणि महागडे इंजेक्शन मुळात लागणार आहे का, या प्रश्नांची उत्तरे तिथेच दडलेली असतात. पत्र लांबले आहे, पण विषय ओझरता सांगण्याजोगा नाही.

आपल्याकडे गुडघा दुखला तरी वात आणि कंबर धरली तरी वात म्हणतात. मी लिहितो आहे तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस वयोमानाने गुडघे झिजण्याहून अगदी वेगळा आहे; वैद्य मंडळी त्याला बहुधा आमवात म्हणतात. प्रौढ माणसांत साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना तो होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे आणि मधले सांधे सुजतात, मनगटे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ मूठ वळत नाही. कणीक मळता येत नाही, पातेल्याचे झाकण उघडत नाही, साडीची पिन लागत नाही, अशा तक्रारींनी तो घरात प्रथम कळतो.

याचे मूळ सांध्यात नसून रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. शरीरातल्या काही प्रथिनांमधील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर होते. ज्यांची जनुकीय ठेवण तशी असते त्यांच्या शरीराला ही बदललेली प्रथिने परकी वाटू लागतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रक्ताच्या अँटी-सीसीपी तपासणीत हीच प्रतिपिंडे मोजतात, आणि ती सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात. धूम्रपानाने हा धोका वाढतो, हे आता पक्के ठरले आहे. पुढे सांध्याच्या आतल्या अस्तरात टी पेशी, बी पेशी आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी गोळा होतात, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखे संदेशवाहक रेणू पाझरू लागतात, अस्तर जाड होऊन कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावर, चढते आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात. एकदा कुरतडले गेलेले हाड कोणतेही औषध पूर्ववत करू शकत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांतच निदान होणे याला या आजारात फार मोल आहे.

निदानाच्या बाबतीत नागपूरकरांची एक वेगळीच अडचण आहे. २००६ मध्ये विदर्भात चिकनगुनियाची मोठी साथ आली आणि २०२४ च्या पावसाळ्यात तिने शहराला पुन्हा बेजार केले. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने, काहींचे तर वर्षभराहून अधिक काळ दुखतात. लहान सांधे सुजतात, सकाळी आखडतात, आणि चित्र हुबेहूब संधिवाताचे दिसते. परिणामी दोन्ही बाजूंनी घोळ होतो. साथीनंतर बरे होत आलेल्या माणसावर जन्मभराच्या आजाराचा शिक्का बसतो, आणि उलट, खरा संधिवात सुरू झालेली बाई ‘चिकनगुनियाचंच राहिलं असेल’ असे म्हणून वर्ष काढते. अँटी-सीसीपी चिकनगुनियात सहसा नकारात्मक येते, त्यामुळे साथीनंतर सहा-आठ आठवड्यांनीही सूज उतरली नाही तर ती तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. ती नकारात्मक आली म्हणून संधिवात नाहीच असेही म्हणता येत नाही. बऱ्याच खऱ्या रुग्णांत ती नकारात्मकच असते. निवाडा शेवटी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातांचा आणि नजरेचा.

आता औषधांच्या लक्ष्यांकडे येतो. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये (नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूवरील मेयो रुग्णालयाचा याच्याशी काही संबंध नाही) फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक केंडाल आणि राइशस्टाइन यांच्यासह त्यांना मिळाले. मात्र स्टेरॉइड एका रेणूला न अडवता साऱ्या यंत्रणेलाच दडपते, आणि त्याची किंमत हाडे, साखर, रक्तदाब आणि डोळे यांना मोजावी लागते, हेही लवकरच उमगले. अचूक नेम साधायला त्यानंतर चार दशके गेली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि भारतीय वंशाचे रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि १९८९ मध्ये दाखवून दिले, की एकट्या टीएनएफला अडवले तर दाह पेटवणारा इंटरल्यूकिन-१ हा दुसरा संदेशवाहकही उतरतो. इतके संदेशवाहक असताना एकाला रोखून काय होणार, असाच त्या काळचा सर्वसाधारण समज होता. १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले गेले. टीएनएफला अडवणाऱ्या औषधांपैकी १९९८ मध्ये इटानरसेप्ट, पाठोपाठ इन्फ्लिक्सिमॅब आणि २००२ च्या अखेरीस अडालिमुमॅब संधिवातासाठी अमेरिकेत मंजूर झाले. २०१४ च्या डिसेंबरात अडालिमुमॅबची जगातली पहिली जैवसमान आवृत्ती (मूळ औषधाशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध) बाजारात आली ती भारतात, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाकडून. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

परंतु टीएनएफचे शरीरातले दुसरे काम भारतीय रुग्णाने विसरून चालणार नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की बहुतेकांत तो मरत नाही; पेशींच्या एका गाठीत कोंडून पडलेला राहतो आणि माणूस धडधाकट दिसतो. ती गाठ बांधून ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी टीएनएफ करतो. त्यालाच अडवले की बंधन सैल होते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसांबाहेर पसरलेला होता आणि बहुतेकांत पहिल्या तीन मात्रांच्या आतच उद्भवला होता. यांतले बहुतेक रुग्ण जिथे क्षय विरळा आहे अशा देशांतले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा इथे हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि दडलेला क्षय शोधणारी मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही तपासणी टाळण्याचा प्रश्नच येत नाही. हेपटायटिस-बीचीही करावी लागते. दडलेला क्षय सापडला तर आधी त्याचे प्रतिबंधक औषध सुरू होते, इंजेक्शनला थोडे थांबावे लागते. ‘डॉक्टर उगाच तपासण्या लिहितात’ अशी कुरकुर मी पुष्कळ ऐकतो. या एका ठिकाणी तरी ती करू नये, आणि घरात कुणाला पूर्वी क्षय झाला असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत, लग्नाच्या विचाराने, हे लपवणे अजून चालते.

इंटरल्यूकिन-६ या दुसऱ्या लक्ष्याचा शोध आणि त्यावरचे औषध दोन्ही जपानचे. ओसाका विद्यापीठातील तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये या रेणूचे जनुक वेगळे केले आणि त्यातून पुढे टोसिलिझुमॅब घडले. कोविडच्या काळात हे नाव घरोघर पोहोचले होते, ते इंजेक्शन मुळात संधिवाताचे आहे. याची एक खुबी रुग्णाच्या नातेवाइकांना ठाऊक असायला हवी. शरीरातला दाह ओळखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे सीआरपी नावाचे प्रथिन यकृत तयार करते ते मुख्यतः इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. तो संदेशच बंद केल्यामुळे शरीरात जंतुसंसर्ग बळावला तरी सीआरपी खालीच राहू शकतो, तापही बेताचाच असतो, आणि अहवाल हातात घेऊन ‘सगळं नॉर्मल आहे’ असे म्हणत रुग्णाला घरी बसवले जाते. टोसिलिझुमॅब घेणाऱ्या माणसाने कोणत्याही कारणाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात या औषधाचे नाव सांगावे.

अलीकडे सर्वाधिक बोलबाला आहे तो जॅक एन्झाइमांना रोखणाऱ्या गोळ्यांचा. टोचून घेण्याची गरज नाही, फ्रिज लागत नाही आणि तोफासिटिनिब आता अनेक भारतीय कंपन्या बनवत असल्यामुळे किंमतही पुष्कळ उतरली आहे. पेशीच्या बाहेर संदेशवाहक अनेक असले तरी आत निरोप पोहोचवणारी जॅक कुटुंबातली एन्झाइमे फक्त चार आहेत: जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टिक-२. एकाच फीडरवरून अनेक मोहल्ल्यांना वीज जावी, तसे एकेका एन्झाइमावर कितीतरी कामे टांगलेली असतात. फीडर बंद केला की नको असलेल्या घराबरोबर हव्या असलेल्या घरातही अंधार होतो. नागीण या गोळ्यांनी वाढते ती याचमुळे. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तोफासिटिनिब घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्क्यांना हृदयविकार किंवा पक्षाघाताचा गंभीर प्रसंग आला, टीएनएफविरोधी औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. कर्करोगाचे प्रमाण अनुक्रमे ४.२ आणि २.९ टक्के होते. या निष्कर्षांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापायला लावला. म्हणून गोळी वाईट ठरत नाही. तिशीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या बाईसाठी ती उत्तम निवड असू शकते आणि साठीतल्या, मधुमेही, खर्रा किंवा विडी न सुटलेल्या गृहस्थासाठी धोक्याची. स्वस्त झाली म्हणून ती दुकानातून परस्पर आणली जाऊ नये, एवढाच माझा मुद्दा आहे, आणि ती तशी आणली जाते हे मी पाहतो.

बी पेशींवरील सीडी-२० या खुणेला धरून त्या पेशीच संपवणारे रिटुक्सिमॅब आणि टी पेशींना कामाला लागण्यासाठी मिळावा लागणारा दुसरा इशारा रोखणारे अबाटासेप्ट ही आणखी दोन औषधे आहेत. टीएनएफविरोधी उपचार लागू पडला नाही तर बहुधा त्यांच्याकडे वळतात. फसलेली लक्ष्येही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पी-३८ नावाच्या एन्झाइमावर अनेक कंपन्यांनी मोठ्या आशेने रेणू तयार केले; प्रयोगशाळेत दाह सुरेख उतरला, रुग्णांत मात्र काही आठवड्यांत गुण ओसरला. इंटरल्यूकिन-१७ ला रोखणारी औषधे सोरायसिसमध्ये आणि त्यासोबतच्या सांधेदुखीत फार प्रभावी ठरली, पण या संधिवातात यथातथाच. उंदरांत किंवा काचेच्या बशीत यशस्वी झालेल्या रेणूची बातमी ‘संधिवातावर विजय’ अशा मथळ्याखाली छापताना हा इतिहास समोर असावा.

आणि एवढे सारे झाल्यावरही जगभर पहिले औषध कोणते, तर मेथोट्रेक्झेट! भीमावरमला जन्मलेले आणि अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत आयुष्य वेचलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फोलिक आम्ल या जीवनसत्त्वाला अडवणारे रेणू घडवले ते रक्ताच्या कर्करोगासाठी. १९५१ मध्ये त्या रेणूंपैकी एकाचा संधिवातात उपयोग झाल्याची नोंद झाली. ती बरीच वर्षे तशीच पडून राहिली आणि १९८८ मध्ये मेथोट्रेक्झेटला संधिवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. अल्प मात्रेत हे औषध पेशी मारण्यापेक्षा वेगळेच काम करते. एका एन्झाइमाला रोखून पेशींबाहेर अडेनोसिन वाढवते आणि त्याने दाह शमतो, असे मानले जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना नुसते मेथोट्रेक्झेट पुरेसे पडत नव्हते अशा ३५३ रुग्णांपैकी निम्म्यांना त्याच्या जोडीला सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना इटानरसेप्टचे इंजेक्शन. ४८ आठवड्यांअखेर जुन्या गोळ्यांचा गट इंजेक्शनच्या गटापेक्षा मागे पडला नव्हता. भंडारा-गोंदियाहून रेल्वेने नागपूरच्या ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येणाऱ्या आणि आल्या दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या रुग्णासाठी कोणत्याही नव्या रेणूच्या बातमीपेक्षा ही बातमी मोठी आहे. ती मराठीत ठळकपणे छापलेली मी पाहिली नाही.

मात्र हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि इथेच घात होतो. आमच्या वस्तीतल्या एका बाईंच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘आठवड्यातून एकदा’ असे इंग्रजीत लिहिले होते. दुकानातल्या मुलाने गोळ्यांच्या पाकिटावर सवयीने ‘१-०-०’ अशी खूण करून दिली, म्हणजे रोज सकाळी एक. नवव्या-दहाव्या दिवशी त्यांच्या तोंडात फोड आले, पाणीही गिळवेना आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेल्या. सुदैवाने त्या वाचल्या. अशा चुकीने मृत्यू आल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. उपाय बिनखर्चाचा आहे. चिठ्ठीवर आणि पाकिटावर वाराचे नाव मराठीत लिहावे, ‘फक्त रविवारी’ किंवा ‘फक्त बुधवारी’. फोलिक आम्लाची गोळी वेगळ्या वारी असल्यास तोही वार लिहावा. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी. मूल हवे असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण गर्भावर या औषधाचा गंभीर परिणाम होतो. हे सांगताना सासूबाई किंवा नवरा समोर बसलेले असल्यामुळे अनेक जणी गप्प राहतात; डॉक्टरांनी त्यांना क्षणभर एकटीला विचारले तर बरे.

ज्यांना इंजेक्शन खरोखरच लागते त्यांच्यासाठी आपल्या शहरापुरती एक सूचना. ही सारी जैविक औषधे दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना धंतोलीच्या दुकानातून घेतलेली सिरिंज स्कूटरच्या डिकीत टाकून हुडकेश्वरपर्यंत नेली, तर आतले प्रथिन बिघडू शकते आणि बाहेरून द्रव तसाच दिसू शकतो. मग ‘इतके पैसे घातले, काही फरक नाही’ असे म्हणत उपचार सोडला जातो. बर्फाच्या पिशव्यांचा डबा न्यावा, सिरिंज बर्फाला थेट टेकू देऊ नये, घरी फ्रिजरच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये. दुकानदाराचा फ्रिज वीज गेल्यावर कशावर चालतो, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

शेवटी एक गोष्ट थेट आपल्या क्षेत्रातली. आठवडी बाजारात आणि आता मोबाइलवरून विकल्या जाणाऱ्या, वातावरच्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत सूज उतरते, कारण पुष्कळदा त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते; अशी भेसळ आपल्या देशात तपासण्यांतून वारंवार उघड झालेली आहे. रुग्णाचा चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार नसल्यामुळे तो कोसळतो. मी आयुर्वेदाविरुद्ध बोलत नाही; नोंदणीकृत वैद्य आपल्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून देतात, पुडीवाला देत नाही. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे आणि ज्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास त्याने बंदी घातली आहे, त्यांच्या यादीत संधिवात आहे. तरीही ‘वात मुळापासून नष्ट’ असे सांगणाऱ्या छोट्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर दिसतात, कधीकधी आरोग्याच्या लेखाच्या शेजारीच. अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी ही मागणी आहेच. पण आपल्या जाहिरात विभागाने ही यादी टेबलावर ठेवली आणि अशी जाहिरात स्वीकारतानाच नाकारली, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. ते आपण करावे, अशी विनंती आहे.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
नागपूर